धनसिंग गुरुजींचा सौर बंब

धनसिंग गुरुजींनी निवृत्त झाल्याबरोबर जगाची हवा थंड करायचं मनावर घेतलं, आणि सगळ्यात आधी त्यांच्या घरातली हवा तापली.

त्याचं असं झालं, की घरपट्टीच्या कचेरीतून एक पत्रक घरोघर आलं. सौर बंब बसवा आणि घरपट्टीत सूट मिळवा! हिंगोलीच्या त्या कॉलनीत बाकीच्यांनी पत्रकाचे पुडे बांधले. गुरुजींनी मात्र चष्मा पुसून ते तीनदा वाचलं. पस्तीस वर्षं शाळेत परिपत्रकं वाचलेला माणूस, त्याची सवय अशी एका दिवसात सुटते होय?

"ऐकून राहिली का?" ते बायकोला म्हणाले. "शहरातल्या इमारतींमुळं लय धूर होऊन राहिला. त्यानं साऱ्या जगाची हवा तापून राहिली."

नानीबाई गहू निवडत होती. "आपलं घर कुठं धूर सोडून राहिलं?"

"अगं, आपल्या हीटरला वीज लागते. ती वीज कोळसा जाळून होते. म्हंजे तो धूर आपलाच!"

"बारा बारा तास तर लाईट नसते. मंग धूर कधी निघतो?"

याचं उत्तर म्हणून गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी नांदेडहून बंब आणला.

खरा तंटा पेटला तो गच्चीवर. बंबाची काच दक्षिणेला तोंड करून, दिवसभर ऊन लागेल अशी बसवायची. आणि गच्चीवर तशी जागा एकच. बाकी सगळीकडे शेजारच्या लिंबाची सावली. ती एकच जागा म्हणजे नानीबाईच्या वाळवणाची! पापड, कुरडया, सांडगे, सगळं वीस वर्षं तिथं वाळलेलं. नवऱ्यानं तिथं लोखंडी सांगाडा ठोकलेला पाहून बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या कुरडया काय तुमच्या डोक्यावर वाळवू?"

"जगासाठी थोडी तकलीफ सोसावी लागते."

"सोसते. पण बराबर ऐका. तपासणीचा साहेब येईल ना? त्यानं सूट देली तर ठेवा तुमचा बंब. न्हाई देली, तर त्याच दिवशी खाली उतरवायचा आन् माझी जागा मला द्यायची."

"कबूल!" गुरुजी म्हणाले. शेजारचे रामप्रसाद तेव्हा ओट्यावरच बसलेले होते, त्यामुळे शब्द मागे घ्यायची सोयही राहिली नाही.

हिवाळाभर गुरुजींची चंगळ होती. लाईट असो नसो, नळ फिरवला की कढत पाणी. येईल त्याला ते आधी नळाखाली हात धरायला लावायचे आणि मग चहा द्यायचे. फक्त तपासणीचा साहेब तेवढा येईना. थंडी गेली, होळी गेली, वैशाख उजाडला. पारा चव्वेचाळीसवर गेला, आणि बंबाचं वाफाळतं पाणी घरात कुणी फुकट घेईना.

नेमकं तेव्हाच गुरुजी तीन दिवस हट्टा गावी लग्नाला गेले. इकडे नानीबाईचा कुरडयांचा चीक शिजून तयार. ती दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या कमलबाईला घेऊन शिडीनं वर गेली. सावलीत कुरडया टाकाव्या तर आंबणार. दोघींची नजर एकदमच काचेवर गेली.

"उतार हाय पण," नानीबाई म्हणाली.

"असू द्या की. ओली कुरडई चिकटून बसते. कुठं पळून चालली ती!"

मग गुरुजींचं पांढरंशुभ्र धोतर काचेवर ताणून बांधलं गेलं आणि त्यावर कुरडया पडल्या. झाकलेल्या काचेखाली पाणी तापणार तरी कसं? आधीचं गरम पाणी भांडी-धुण्यात संपलं. पहाटे आलेलं नळाचं गार पाणी बंबाच्या टाकीत भरलं गेलं. त्या टाकीला आतून जाड अस्तर. जसं भरावं तसंच राहतं. बंब होता तिथंच, काम तेवढं उलटं करायला लागला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता गुरुजी पिशवी घेऊन ओट्यावर चढले, आणि मागोमाग घामानं निथळत सटवाजी साहेब आले. तपासणीचे!

"या या साहेब!" गुरुजींना आनंद मावेना. "हा पहा नळ. जपून बरं का, हात भाजंल!"

साहेबांनी भीत भीत एक बोट पुढं केलं. मग चार बोटं. मग दोन्ही हात. मग त्यांनी डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं, रुमाल भिजवून डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "वा गुरुजी! जिवात जीव आला."

गुरुजींनी हात लावला. पाणी माठासारखं गार! स्वयंपाकघराच्या दारात नानीबाई उभी होती, आणि तिचं सगळं लक्ष साहेबांच्या पेनाकडं होतं.

"साहेब, वर चला. बंब डोळ्यांनी पहा!"

"ती लोखंडाची शिडी आत्ता धरली तर तळहाताचे पापड होतील. आन् अर्जात बंब पाह्यचं लिवलेलंच न्हाई. नळाला गरम पाणी येते काय, एवढाच रकाना हाय." त्यांनी 'नाही' लिहायला पेन उघडलं.

आता गुरुजींनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. "थांबा! तुमचा हातच उन्हानं तापलाय, म्हणून गार लागून राहिलं. शेजारी साध्या नळाला हात लावा, मंग फरक कळंल!" असं म्हणून त्यांनी साहेबांना ओढतच रामप्रसादांच्या मोरीत नेलं.

साहेबांनी बिनधास्त नळाखाली हात धरला आणि "अयाया!" करून दोन फूट मागे उडाले.

"याला म्हंतात सौर पाणी! तुमचा अर्ज कुठंय?"

"साहेब, आमी बंब घेतलाच न्हाई," रामप्रसाद गडबडून म्हणाले. "गच्चीवर नुसती काळी टाकी हाय."

"पाणी कशानं तापलं? लाईटनं?"

"न्हाई, उन्हानं."

"धूर झाला?"

"न्हाई."

"मंग झालं तर!" साहेबांनी पिशवीतून कोरा अर्ज काढला. रामप्रसादांना सूट मंजूर झाली. गुरुजींना नामंजूर.

गुरुजींनी टॉवेल गुंडाळून शिडी धरली आणि वर जाऊन पाहिलं. आपलं धोतर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. त्यावर कुरडया पसरलेल्या होत्या. राग आला, रडूही आलं. पण शब्द तो शब्द. खाली येऊन ते पाना शोधायला लागले.

"काय करून राहिले?" नानीबाईनं विचारलं.

"बंब उतरवतो. तू जिंकली."

नानीबाई शिडीसमोर आडवी झाली. "खबरदार हात लावाल तर!"

"आता काहून? तुला तुझी जागा पाहिजे होती ना?"

"चार दिवसांच्या कुरडया दीड दिवसात वाळल्या. आन् या उन्हात गार पाणी आख्ख्या कॉलनीत कोणाच्या घरी हाय?"

आठवडाभरात कॉलनीतल्या बायका गच्चीवर येऊन काच चाचपून गेल्या. त्यानंतर चौघीजणी कोरे अर्ज घेऊन गुरुजींच्या ओट्यावर बसल्या. ज्याला स्वतःला सूट मिळाली नाही, त्याच माणसाला हे अर्ज भरायचे होते. नव्या अर्जात 'बंब घेण्याचे कारण' असा रकाना होता. गुरुजींनी चष्मा वर सरकवला.

"कुरडया लिवू काय?" त्यांनी विचारलं.

"तुमी आमाला ते धुराचं सांगत होते ना, तेच लिवा," कमलबाई म्हणाली.

गुरुजींनी वळणदार अक्षरात चार वेळा 'जागतिक तापमानवाढ रोखणे' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात नानीबाईनं हळूच पाचवा अर्ज पुढं सरकवला.

"हा कोणाचा?"

"आपलाच. अजून एक बंब घेऊ," नानीबाई म्हणाली. "पापडाला जागा पुरून न्हाई राहिली."