भरीव टायर निवड समिती

आमच्या कार्यालयात कुणालाही दम लागत नाही, ही बाब सुरुवातीलाच नमूद करतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पूर्वी लागायचा. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढलं की आम्ही कठड्याला धरून जरा वेळ उभे राहायचो आणि त्यात कुणालाही वावगं वाटायचं नाही. मग साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले, येताना स्वतःसाठी रोड सायकल घेऊन आले, आणि आठवड्याच्या आत परिपत्रक निघालं. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी दर शनिवारी सकाळी सामूहिक सायकल फेरी. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक. ज्यांची इच्छा नसेल त्यांनी ती का नाही हे साहेबांना समक्ष भेटून सांगावं.

समक्ष भेटायला कुणीही गेलं नाही. सगळ्यांची इच्छा एकाच दुपारी झाली.

मी इथला भांडारपाल. या इमारतीत टाचणीपासून टेबलापर्यंत जे काही लागतं, ते माझ्या कपाटातून जातं. त्यामुळे सायकलीही माझ्याच हातून गेल्या. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, बसायची जागा हाताच्या पंजाएवढी, आणि टायर अंगठ्याइतके अरुंद. त्या टायरांवर आमचे उपप्रमुख बसणार, हे मला शेवटपर्यंत खरं वाटत नव्हतं. उपप्रमुख खुर्चीतून उठले की खुर्चीही थोडी त्यांच्याबरोबर उठते.

फेरी कार्यालयापासून गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. पाण्याच्या टाक्या उंचावर बांधतात, हे परिपत्रक काढताना कुणाच्या लक्षात आलं नसावं. नियम दोनच होते. एक, कुणालाही मागे टाकून जायचं नाही. एक थांबला की सगळ्यांनी थांबायचं. दोन, थांबण्याचं ग्राह्य कारण एकच, पंक्चर. का, ते साहेबांनी नीट समजावून सांगितलं. पंक्चर हा सायकलचा दोष असतो. बाकी सगळे दोष माणसाचे असतात, आणि माणसाच्या दोषांसाठी गोपनीय अहवालात 'शारीरिक क्षमता' असा रकाना आहे.

पहिल्या फेरीत चढ लागला तसं बोलणं बंद झालं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि शेजारी आस्थापना शाखेच्या मॅडम आवाज न करता तोंडाने श्वास घ्यायचा प्रयत्न करत होत्या, जो कुणालाही जमत नाही. इतक्यात मागे फट्‌ असा आवाज झाला. उपप्रमुखांचा टायर गेला होता. आम्ही सगळे खाली उतरलो आणि पंक्चर निघेपर्यंत एका झाडाच्या सावलीत बसलो. कुणी पाणी प्यायलं, कुणी पाय लांब केले. साहेबसुद्धा बसले. "आता पंक्चरच झालं, त्याला आपण काय करणार," असं म्हणून त्यांनी बूट काढले. माझ्या सगळ्या नोकरीत इतका सुंदर अर्धा तास दुसरा नाही.

पुढच्या शनिवारी दोन पंक्चर झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी चार.

इकडे माझ्या कपाटातल्या टाचण्या संपायला लागल्या. फायली तेवढ्याच, कागद तेवढेच, पण शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक शाखेतून कुणी ना कुणी डबी मागायला यायचं. साहेबांच्या केबिनमधूनही निरोप यायचा. त्यांच्याकडे महत्त्वाचे कागद असतील, असं मी समजायचो. रोड सायकलच्या टायरची कड फार पातळ असते. वेग जरा कमी करून, साखळी बघितल्यासारखं करून खाली वाकलं की काम होतं. मी स्वतः मोठ्या डोक्याची टाचणी वापरायचो. भांडारपाल असण्याचा तेवढा फायदा घेतला, लपवत नाही.

याबद्दल कुणी कुणाशी चकार शब्द बोललं नाही. मात्र सोमवारी चहाच्या वेळी एकमेकांचं कौतुक व्हायचं.

"परवाचं तुमचं पंक्चर अगदी वेळेवर हो, मॅडम."

"छे, माझं कसलं. आपलं असंच झालं."

या कलेत सर्वांत तयार होते ते काका. काका म्हणजे आमचे वरिष्ठ लेखापाल. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणतं. ते चढावर वाकायचे वगैरे नाहीत. घरूनच टायरला इतकं बारीक भोक पाडून आणायचे की हवा हळूहळू उतरत बरोबर चढाच्या मध्यावर संपायची. आयुष्यभर हिशेब केलेला माणूस, एका पंपाचाही फरक पडायचा नाही.

पण आम्ही आळसाने थांबायचो आणि काका जिवासाठी थांबायचे. एकदा जिन्यात त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. "तुला म्हणून सांगतो. डॉक्टर म्हणालेत, छातीत जड वाटलं की त्या क्षणाला थांबायचं. एक पाऊल पुढे टाकायचं नाही."

"मग साहेबांना सांगा की."

"आणि बढतीचं काय? निवृत्तीआधीची शेवटची आहे. त्या रकान्यात 'अपुरी' असं पडलं की संपलं. तू काळजी करू नकोस. माझा टायर आहे ना."

एका शनिवारी नऊ पंक्चर झाली आणि फेरी टाकीपर्यंत पोचण्याआधीच कार्यालयाची वेळ झाली. वास्तविक त्याआधीही आम्ही टाकी लांबूनच पाहिली होती. वरिष्ठ कार्यालयाकडून विचारणा आली की आपल्याकडील कर्मचारी टाकीपर्यंत का पोचत नाहीत. साहेबांनी उत्तर दिलं की कर्मचारी उत्तम आहेत, टायर कमकुवत आहेत. झालं. पंक्चररोधक टायर निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष उपप्रमुख, सदस्य मॅडम आणि काका, सदस्य सचिव मी. टायरांना सर्वांत जास्त भोकं पाडणारे चार जण एका समितीत कसे आले, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. अनुभवी माणसं घ्यायचीच पद्धत आहे.

आम्ही सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर टायर मांडले आणि आधी एक साधा प्रश्न विचारला. "रस्ता कुठला आहे तुमचा?"

"टाकीचा," मी म्हणालो.

"तो तर नवा केलाय. लोण्यासारखा आहे. तिथे पंक्चर कशाने होतं?"

उपप्रमुख छताकडे बघायला लागले. मॅडमना पर्समध्ये काहीतरी सापडेना. शेवटी काका म्हणाले, "तांत्रिक कारणं असतात," आणि दुकानदारही काही दिवस सरकारी कामं केलेला असावा, कारण त्याने मान डोलावली.

पहिल्या टायरचं रबर जाड होतं. दुसऱ्याच्या आत चिवट कापडाचा पट्टा होता. तिसऱ्यात ट्यूबच नव्हती. आत पातळ डिंकासारखं काहीतरी भरलेलं असतं आणि भोक पडलं की ते आपोआप बुजतं.

"किती वेळात बुजतं?" उपप्रमुखांनी विचारलं.

"चाक दोनदा फिरलं की बुजलं."

उपप्रमुख मिळेल त्या स्टुलावर बसले.

मी धीर करून म्हणालो, "मला वाटतं, पट्ट्याचं घ्यावं. टिकाऊ आहे. आणि तसंच काही अणकुचीदार असेल तरच पंक्चर होतं."

"म्हणजे होतं," मॅडम म्हणाल्या.

"क्वचित."

"मग तुम्हाला ते व्हायला हवंय का?"

मी जाड रबराचा टायर उलटसुलट करून बघायला लागलो. मॅडमच्या पर्समध्ये त्या वेळी माझ्याच कपाटातली डबी होती, हे मला ठाऊक होतं. पण समितीत बसलं की माणूस स्वतःच्या गरजेनुसार बोलत नाही, दुसऱ्याला काय वाटेल त्यानुसार बोलतो. उपप्रमुख म्हणाले डिंकाचं घ्या. मॅडम म्हणाल्या डिंकाचं आणि वर जाड रबराचं. राहिले काका. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी काउंटरखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

"भरीव टायर नसतात का?" काकांनी विचारलं.

"असतात. पण रोड सायकलला कुणी घालत नाही," दुकानदार म्हणाला. "नुसतं रबर. वजनाला जड, सगळे हादरे अंगात. चढावर जीव निघेल."

"पण पंक्चर?"

"आत हवाच नाही, तर पंक्चर कुठलं?"

"मग घोडं अडलंय कुठे?" असं म्हणून उपप्रमुखांनी सही केली. सगळ्यांनी केली. मीही केली.

बाहेर आल्यावर मी काकांचा दंड धरला. "काका, हे काय करून बसलात?"

"मी गप्प राहिलो असतो तर म्हणाले असते, काका का गप्प आहेत?" ते माझी नजर चुकवत होते. "तू जरा जाड टाचण्या मागव."

"भरीव रबरात दाभण घातला तरी काय होणार आहे?"

"बघू. काहीतरी निघेल."

शनिवारी नवे टायर लावून निघालो. रस्ता लोण्यासारखा, तरी दात वाजत होते. चढाच्या पायथ्याशी नेहमीच्या जागी नेहमीप्रमाणे सगळे साखळी बघायला वाकले आणि तसेच पुन्हा सरळ झाले. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. साहेब सर्वांत पुढे होते. ते दोनदा वाकले.

काका माझ्या पुढे होते. चढाच्या मध्यावर, जिथे त्यांची हवा संपायची, तिथे त्यांनी एक हात हँडलवरून काढून छातीवर ठेवला. मी सायकल त्यांच्या शेजारी नेली.

"काका, थांबा."

"कशासाठी?" त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मी कारण शोधायला लागलो. काकांचे टायर बघितले, माझे बघितले, पुढच्या सगळ्यांचे बघितले. सगळे टायर ठणठणीत होते. मला एकही कारण सापडलं नाही.

आम्ही टाकीपाशी पोचलो. कार्यालयाच्या इतिहासात ही पहिलीच वेळ, त्यामुळे वळण्याची पद्धत ठरलेली नव्हती. जो आधी वळेल तो दमला, असं दिसलं असतं. साहेब वळले नाहीत. मग उपप्रमुख कसे वळणार? टाकी मागे पडली, टाकीच्या पलीकडचा दुसरा चढ सुरू झाला, आणि सगळं कार्यालय कुठे चाललंय हे न विचारता पायडल मारत राहिलं. त्या दुसऱ्या चढावर काकांची सायकल हळूच रस्ता सोडून गवतात गेली आणि आडवी झाली.

"काकांचं पंक्चर झालं," मागून कुणीतरी सवयीने ओरडलं.

सर्वांत आधी साहेब उतरले. उतरले म्हणजे गवतात बसलेच. मॅडम बसल्या, उपप्रमुख आडवे झाले. सगळ्यांच्या तोंडावर तो जुना, झाडाखालचा आनंद पसरला. "बरं झालं," असं दोघांनी तरी म्हटलेलं मी ऐकलं. साहेबांनी हातमोजा काढला तेव्हा त्यातून एक टाचणी गवतात पडली. ती काटकोनात वाकलेली होती. मी मात्र काकांचं डोकं मांडीवर घेऊन रुग्णवाहिकेला फोन करत होतो आणि मला त्या सगळ्यांचा, माझ्यासकट, मनापासून राग येत होता.

काका वाचले. दवाखान्यात डॉक्टर त्यांच्यावर चांगलेच तापले. "तुम्हाला बजावून सांगितलं होतं. छातीत दुखायला लागलं तेव्हाच का थांबला नाहीत?"

काका क्षीण आवाजात म्हणाले, "टायर चांगले होते."

डॉक्टरांना काही कळलं नाही. काकूंना कळलं असावं. त्या पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "भाऊजी, असले टायर निवडले कुणी?" मी सांगितलं, समितीने. समितीत कोण होतं, ते त्यांनी विचारलं नाही. पलंगावरून काका माझ्याकडे बघत होते.

चौकशी रीतसर झाली. टायर तपासले, निर्दोष निघाले. रस्ता निर्दोष निघाला. सायकल निर्दोष निघाली. तेव्हा साहजिकच दोष उरला तो काकांचा. त्यांच्या रकान्यात 'अपुरी' पडलं आणि बढती चढावर न पडलेल्या दुसऱ्या माणसाला मिळाली. साहेबांनी सभेत सांगितलं की सायकलीच्या बाजूने जे करायचं ते करून झालं आहे. आता सुधारणेला वाव फक्त माणसात आहे. त्याच दिवशी नवी समिती झाली: बिघाडरोधक कर्मचारी निवड समिती. अध्यक्ष उपप्रमुख, सदस्य सचिव मी. काकांची जागा रिकामी आहे. पहिल्या बैठकीत मॅडमनी सुचवलं की आत काही नसलेला माणूस मिळाला तर बघावा. सूचना विचाराधीन आहे.

माझ्यापुढे मात्र वेगळीच अडचण आहे. टाचण्यांचा सगळा साठा पडून आहे, कुणी मागायलाच येत नाही. कार्यालयाबाहेरच्या लोकांना द्यावा, असा माझा विचार आहे. म्हणजे आपल्याला. काल आपण मित्राचा फोन घेतला नाहीत आणि बॅटरी संपली होती म्हणालात. परवा घरी लवकर यायचं होतं तर पोराला बरं नाही म्हणून सांगितलंत. गेल्या महिन्यात एक दिवस नुसतं पडून राहावंसं वाटलं, तर पोट बिघडवून घेतलंत. दमलो, एवढा एक शब्द म्हणायला लागू नये म्हणून आपण सध्या नेमकं काय टोचून घेता, ते कृपया कळवावं. आमच्याकडे बारीक आणि मोठ्या डोक्याच्या, दोन्ही प्रकारच्या आहेत. फक्त मागणी नोंदवण्यापूर्वी आपले टायर कुणी बदललेले नाहीत ना, एवढं बघून घ्यावं.