घंटी कुणाच्या कमरेला?

“पोर सांभाळायला अक्कल कशाला लागती गं? एक घंटी लागती!” एसटीच्या दारात उभं राहून बिभीषण आबांनी हे जाहीर केलं, आणि ते नुसत्या त्यांच्या बायकोनं, भागूबाईंनीच नाही, तर अख्ख्या जामखेड गाडीनं ऐकलं.

भागूबाई निघाल्या होत्या श्रीगोंद्याला, मुलीच्या बाळंतपणासाठी. मुलगा कल्याण आणि सून ज्योती दिवाळीपासून कोपरगावाकडं ऊसतोडीला गेलेले. मागं राहिली चार वर्षांची नात राजनंदिनी, आणि तिची राखण करायला एकटे आबा!

“आवं, पानी उकळून द्या तिला. नुसत्या बिस्कुटावर भागवू नका. खेळून आली की हात धुवा तिचं,” खिडकीतून भागूबाईंचा पट्टा सुरू होता. “आन त्या शेततळ्याच्या फाटकाला तार बांधा! ज्योतीनं जाताना चारदा सांगितलंय.”

“बांधतो गं. फाटक काय पळून चाललंय का?”

गाडी हलली. भागूबाई अजून काहीतरी सांगत होत्या, पण ते धुरळ्यात गेलं.

घरी येताच आबांनी खुंटीवरची पितळी घंटी काढली. सुपारीएवढी असेल. पण वाजायला लागली की तीन घरं पलीकडं कळायचं! आबा लहान असताना त्यांची आई लंकाबाई खुरपायला जायची. पोराला बांधावर सोडायची आणि ही घंटी त्याच्या करदोट्याला बांधायची. आबांना सगळं आठवत होतं. हुलग्याच्या रानातलं ऊन, आईच्या हातातल्या विळ्याचा आवाज, फडक्यातली भाकरी. ‘आई मान खाली घालून खुरपायची आणि कान माझ्या घंटीकडं,’ असं ते येईल त्याला सांगत. पुढं कल्याणलाही हीच घंटी बांधली. दोन पिढ्या सुखरूप वाढल्या, आणखी काय पाहिजे?

“राजे, इकडं ये.” त्यांनी राजनंदिनीच्या कमरेला घंटी बांधली.

“कशाला ओ आबा?”

“तू हरवलीस तर कळाया नको?”

“आन वाजली न्हाई तर?”

“वाजती! खेळ जा.”

पोरगी उड्या मारत अंगणात गेली. छुनछुन, छुनछुन! आबांनी बाज बाहेर काढून लिंबाखाली टाकली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि आडवे झाले. तार राहिली होती, पण ती काय, दुपारनंतरही बांधता आली असती.

थोड्या वेळानं ते पाणी प्यायला उठले. जाता जाता त्यांनी अंगणात पालथ्या घातलेल्या बांबूच्या मोठ्या डालग्याकडं पाहिलं. त्यांची शेळी शेजारच्या शकिलाभाभीच्या शेळ्यांबरोबर माळाला चरायला जायची, आणि तिचं करडू दिवसभर या डालग्याखाली झाकलेलं असायचं. डालगं जरा हललं. फटीतून आत गोणपाटाखाली काहीतरी मुटकुळं करून पडलेलं दिसलं. ‘करडू निसटंल बरं का!’ म्हणून आबांनी वर एक चांगला दगड ठेवला. आपण किती बारकाईनं लक्ष देतो याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं.

परत आडवे होतात तोच फोन वाजला. ज्योतीचा! उसाच्या फडातून जेवणाच्या सुट्टीत केलेला.

“मामा, काय करतीया पोरगी?”

“खेळतीया. आयक!” आबांनी फोन हवेत धरला. घराच्या मागून छुनछुन आली.

“बया, लई पळतीया की! तिला जरा देता का?”

“आता कशाला हाक मारायची? मजेत हाय. तू निवांत भाकर खा.”

“फाटकाला तार बांधली का?”

“बांधली म्हनून समज!”

“मामा, तिच्यावर ध्यान असू द्या,” एवढंच ज्योती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तो आवाज आबांच्या कानात जरा रुतला. पण घंटी वाजत होती ना!

मग घंटी भिंतीवरून वाजली. “राजे, खाली उतर! पडशील!” आबा डोळे न उघडता ओरडले. धप्पकन आवाज आला आणि घंटी खाली आली. शहाणी पोर, एका शब्दात ऐकते! आबांना भरून आलं.

घंटी हळूहळू बाजेजवळ आली आणि उशाशी थांबली.

“गोष्ट पायजे व्हय?” आबांनी डोळे मिटूनच सुरुवात केली. “ही घंटी माझ्या आईनं बांधली हुती मला. आई लई राबायची बघ. रानातनं आली की पहिलं मला उचलायची, मंग डोक्यावरचं गवत टाकायची. तिच्या पदराला वल्या मातीचा वास यायचा. मी आता एवढा म्हातारा झालो, पन कुठं खुरपनी चाललेली दिसली की पाय थांबत्यात माझं.” एवढ्यात उपरण्याला ओढ बसली. “अगं, उपरनं नको चावू!”

घंटीनं मान डोलावली. छुन.

“चावू नको म्हनतो ना! दात किडत्याल.” आबांनी मायेनं हात पुढं केला. हाताला कान लागला. कान लांब होता. हात खाली सरकला आणि त्याला शेपटी लागली!

आबा ताडकन उठून बसले. समोर करडू उभं, गळ्यात करदोटा, करदोट्याला घंटी, आणि तोंडात अर्धं उपरणं!

“राजे!”

अंगण गप्प.

“राजनंदिने!”

घरात नाही. मोरीत नाही. गोठ्यात नाही. करडू तर इथं बाहेर, म्हणजे डालग्याखाली काय आहे, हा साधा प्रश्न आबांना सुचायला हवा होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट उभी राहिली, शेततळ्याचं ते सताड उघडं फाटक. पायात चपला न घालता आबा पळाले. गेल्या दहा वर्षांत कुणी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं! मागून करडू, छुनछुन छुनछुन.

फाटक उघडंच होतं. हिरवं पाणी स्थिर पसरलेलं. “देवा, माझं ल्योक-सून माझ्या भरवशावर गेल्यात रं!” ते मोठ्यानं रडले, आणि जवळून बघायला म्हणून दोन पावलं उतरले. खाली अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद शेवाळानं बुळबुळीत झालेला. तिसरं पाऊल आबांनी टाकलंच नाही, ते आपोआप पडलं. थेट पाण्यात! गळ्यापर्यंत गेल्यावर मोटारीचा पाईप हाती लागला म्हणून वाचले. वर यावं तर पाय घसरतो, हाक मारावी तर तोंडात पाणी.

“आबाऽ! शेततळ्यात जायचं न्हाई! आईनं सांगितलंय!”

आबांनी मान वर केली. काठावर त्यांची चुलत बहीण, पंच्याहत्तरीची कडूबाई आक्का. आणि तिच्या कडेवर, केसांत गोणपाटाचे धागे घेतलेली, राजनंदिनी!

“राजे! कुठं हुतीस गं?”

“डालग्यात निजले हुते. उठले तर डालगं उघडंना. मी किती हाका मारल्या! तुमीच हरवले हुते!”

“आरं बिभिषना, पोरीवर एवढा धोंडा?” कडूबाईनं खांबाला अडकवलेला दोर फेकला. “ती कोंडून रडतीया आन तू इथं पवतूस व्हय!”

दोराला धरून आबा वर आले. चिखलातच बसून त्यांनी पोरीला असं धरलं, की तीही सगळी भिजली.

“घंटी का काढलीस गं?”

“पिल्लाची आई माळाला गेलीया ना. ते एकटं हुतं. हरवलं तर कळाया नको?”

आबांनी वळून कडूबाईकडं पाहिलं. म्हणाले, “आक्का, माझ्या आईला बरं घंटीवरनं समदं कळायचं!”

“कुनी सांगितलं?” कडूबाई म्हणाली. “काकूच्या शेजारच्या पातीला मी खुरपत हुते. चार हात खुरपलं की ती उभी राहून तुला बघायची. मुकादम वरडायचा तरी बघायची. घंटी तर तू रडत बसू नये म्हनून खुळखुळा दिल्ता तुला!”

साठ वर्षं जपलेली आठवण अशी एका वाक्यात उलटी झाली. आबा उठले आणि ओल्या धोतरानिशीच घरी तार आणायला गेले.

तार बांधून होत आली तेव्हा ज्योतीचा पुन्हा फोन आला. बाजेवरून आणलेला फोन राजनंदिनीनं घेतला.

“बाळा, घंटी किती जवळ वाजतीया! काय करतीस?”

“मी बसलीया. घंटी आबांच्या कमरेला हाय.”

“आबांच्या? का गं?”

आबांनी हातानं ‘नको, नको’ केलं. त्याबरोबर घंटी आणखीनच वाजली.

“तू काळजी करू नको, आई,” राजनंदिनी म्हणाली. “आबा आता हरवायचे न्हाईत. आन घंटी वाजली तरी मी सारखी बघतीया त्यांच्याकडं.”