सर रुजू आहेत

विभागाचे हिशेबनीस क्लाउडचं बिल तपासताना एका ओळीवर अडकले. क्लाउड म्हणजे लांब कुठेतरी ठेवलेले एका कंपनीचे संगणक. विभाग ते भाड्याने वापरायचा आणि विद्यापीठाची माणसं म्हणून शेकडा नव्वद सवलत मिळायची. या महिन्यात सगळ्यांत जास्त वापर केला होता भूकंपवाल्या सरांनी.

भूकंपांचा अभ्यास करणारे हे सर दोन वर्षांपूर्वी वारले होते. पुष्पचक्राची वर्गणी हिशेबनिसांनीच गोळा केली होती आणि उरलेली चिल्लर ज्याची त्याला परतही केली होती.

त्यांनी तपशील उघडला. क्लाउडवरचं सरांच्या नावाचं मशीन रोज सव्वादहाला सुरू व्हायचं, एक ते दोन बंद राहायचं, साडेपाचला थांबायचं. सर हयात असताना असेच यायचे, असेच जायचे. गुरुवारी मशीन अर्धा तास उशिरा सुरू होत होतं. गुरुवारी सरांची बस हटकून चुकायची. हिशेबनिसांच्या मानेवरून गार काहीतरी सरकलं.

ते उठून विभागप्रमुख मॅडमकडे गेले. मॅडम नव्या होत्या, त्यांनी सरांना पाहिलंही नव्हतं.

"मॅडम, हे सर गेलेत."

"कुठे गेले?"

"वर."

"मग बरोबर आहे की. क्लाउड वरच असतो."

"तसं नाही. वारलेत."

मॅडमनी चष्मा काढला. "कोणीतरी त्यांच्या नावावर फुकट काम उरकतंय. कंपनीला कळवून टाका."

हिशेबनिसांनी इमानेइतबारे कळवलं. तासाभरात उत्तर आलं. सवलत फक्त रुजू असलेल्यांना आहे. आपण विद्यापीठातच असल्याचं या वापरकर्त्याने याच जूनमध्ये कळवलेलं आहे. शंका असेल तर उद्या तीनपर्यंत त्यांनी स्वतः पुन्हा कळवावं. नाहीतर दोन वर्षांचा पूर्ण भाव भरावा लागेल. आकडा वाचून हिशेबनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दोन वर्षांच्या प्रत्येक बिलावर 'तपासले' म्हणून सही त्यांचीच होती.

"आपण गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं," मॅडम म्हणाल्या. त्या 'आपण'मध्ये त्या स्वतः नव्हत्या.

दुपारीच हिशेबनीस सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नीने दार उघडलं, पाणी दिलं.

"वहिनी, सर अजून विद्यापीठात आहेत का, असं कंपनी दर जूनमध्ये मेल करून विचारते. उत्तर तुम्ही दिलंत?"

"पहिल्या वर्षी दिलं. 'तुम्ही अजून आमच्यात आहात का?' असं लिहिलं होतं हो त्यात. नाही म्हणवेना. 'हो' दाबलं."

हिशेबनिसांचा जीव भांड्यात पडला. "मग उद्याही तेवढं दाबा. माझ्या पेन्शनचा प्रश्न आहे."

"दाबलं असतं, भाऊजी. पण त्यांचा फोन डिसेंबरातच बंद पडला. पासवर्ड मला कधी सांगितला नाही त्यांनी. या जूनचं मला काहीच ठाऊक नाही."

हिशेबनिसांनी पेला रिकामा करून खाली ठेवला. मग वहिनींनी हळूच विचारलं, "ते हो म्हणाले?"

हिशेबनिसांनी होकारार्थी मान हलवली.

"गुरुवारी उशीर होतोच का अजून?"

"अर्धा तास."

"सांगून सांगून थकले मी," वहिनी म्हणाल्या आणि पेला उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी हिशेबनीस जेवले नाहीत. कालपर्यंत सर आहेत याची त्यांना भीती वाटत होती. आज ते नसतील याची वाटत होती. दोनच्या ठोक्याला मशीन सुरू झालं. खोलीत कोणी नाही असं बघून हिशेबनीस पडद्याजवळ वाकले.

"सर, तेवढं हो म्हणा. लेकरंबाळं आहेत मला."

तीनला दहा कमी असताना कंपनीचं पत्र आलं. वापरकर्त्याने स्वतः कळवलं होतं: रुजू आहे. सवलत कायम.

हिशेबनिसांचे डोळे भरून आले. मॅडम धावत आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून वाचू लागल्या.

"अहो, खाली अजून आहे. सरांनी गटसवलत मागितली आहे. दोघं असले की शेकडा पाच आणखी सुटतात. दुसरं नाव तुमचं दिलंय त्यांनी."

"माझं?"

"'सध्या खाली आहेत, एक तारखेपासून इकडे रुजू होतील,' असं लिहिलंय. तुमची सही तेवढी हवी." मॅडमनी पेन पुढे केलं. त्या खूश दिसत होत्या.

हिशेबनिसांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अठ्ठावीस तारीख होती. उभ्या आयुष्यात त्यांनी मिळणारी सवलत कधी सोडली नव्हती.

"मॅडम," ते म्हणाले, "पूर्ण भाव भरू. माझ्या पेन्शनमधून कापा."