माझ्या मशीनवर चालतं

चार वाजता मास्तरांची रजा सुरू व्हायची होती आणि अडीच वाजता ऑफिसातल्या ताईच्या पडद्यावर लाल ओळ उमटली : ‘फाइल सापडत नाही.’

“माझ्या मशीनवर चालतं,” मास्तर म्हणाले.

“मग तुमचं मशीनच पाठवू का दवाखान्यांना?” ताईने विचारलं.

साधं ‘हो’सुद्धा दोन उदाहरणं देऊन म्हणायची सवय असल्यामुळे ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत. रुग्णांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांनी एकहाती वाढवलं होतं. शेकडो फायली एकत्र बांधून त्यातून चालता प्रोग्रॅम काढायचा, त्याला तिथे बिल्ड म्हणत, आणि ते आजवर मास्तरांखेरीज कुणी केलं नव्हतं. त्यापायीच त्यांची समुद्रकाठची आठ दिवसांची रजा दोनदा बुडाली होती. या खेपेला साहेबांनी अट घातली होती, की ताईच्या आणि साहेबांच्या मशीनवर बिल्ड झालं तर खुशाल जा. बायकोची अट आणखी सोपी होती. बस साडेचारची, आलास तर दोघं, नाहीतर मी एकटी.

कुठली फाइल कुठून उचलायची ते सांगणारी बिल्डची फाइल ताईने उघडली आणि कपाळाला हात लावला. मास्तरांनी प्रत्येक फायलीचा पत्ता अगदी मुळापासून लिहिला होता : मास्तरांचा फोल्डर, त्यात ‘नवीन’, त्यात ‘शेवटचं’, त्यात ‘खरंच शेवटचं’. ताईच्या मशीनवर हव्या त्या फायली शेजारच्याच फोल्डरात होत्या, पण बिल्ड बिचारं मास्तरांचं घर शोधत हिंडत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

“सोपं आहे,” ताई म्हणाली. “इथेही तुमच्या नावाचा फोल्डर करते. बिल्डला वाटेल, आलो घरी.”

“छे! मग साहेबांकडेही माझं घर, उद्या दवाखान्यातून कुणी पाहुणा आला तर त्याच्या मशीनवरही माझंच घर. नीट करू.”

मास्तरांनी पत्ते बदलले. मुळापासून सांगायचंच नाही. उभे आहात तिथून एक जिना वर चढा आणि शेजारच्या खोलीत शिरा, एवढंच. तीन वाजून पाच मिनिटांनी ताईच्या पडद्यावर हिरवी ओळ आली. दोघंही विजयी मुद्रेने साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

साहेबांनी बिल्ड चालवलं. ‘फाइल सापडत नाही.’

“साहेब, तुम्ही डेस्कटॉपवरून चालवताय. आधी आमच्या फोल्डरमध्ये जा, मग चालवा,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे मी कुठे उभं राहायचं, ते आता तुमची फाइल ठरवणार?”

साहेब हलणाऱ्यांपैकी नव्हते. तीन वीस झाले. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला.

“बॅगेची चावी कुठेय?” बायको विचारत होती.

“पलंगाच्या उजव्या बाजूच्या खणात.”

“इथे नुसत्या वायरी आहेत.”

“अगं, मी झोपतो तेव्हाची उजवी.”

“मी पायथ्याशी उभी आहे! मी कुठे उभी आहे हे तुला तिथे बसून काय कळणार? पलंग तर जागच्या जागी आहे ना? मग त्याच्यापासून सांग. खिडकीकडची बाजू की दाराकडची?”

“खिडकीकडची,” म्हणता म्हणता मास्तरांचे डोळे लकाकले. “काय बोललीस गं!”

“चावी सापडली, ठेवते,” म्हणून तिने फोन ठेवला.

मास्तरांनी दोनच ओळी घातल्या. साहेब कुठे उभे आहेत ते विचारायचंच नाही. बिल्डच्या फायलीने आपण स्वतः कुठे आहोत ते आधी पाहायचं आणि जिने तिथून मोजायचे. साहेबांनी हट्टाने पुन्हा डेस्कटॉपवरूनच चालवलं. हिरवी ओळ!

“चला, पळा,” साहेब म्हणाले.

सुधारलेलं काम ऑफिसच्या सामायिक जागेत ठेवून मास्तरांनी आपलं मशीन आवरलं. ‘खरंच शेवटचं’ फोल्डर एका फटक्यात पुसून टाकला. आता काय करायचाय तो? आणि बस मिळाली.

तिसऱ्या दिवसापर्यंत ऑफिसातून एकही फोन नाही. आधी मास्तरांना बरं वाटलं, मग चुकल्यासारखं, मग चक्क वाईट. बायको वाळूवर डोळे मिटून पडली होती. त्यांनी हळूच ताईला फोन लावला.

“काही अडलंय का?”

“कुठे काय! कालपासून पाच मशीनवर बिल्ड झालं. दवाखान्यातून आलेल्या पाहुण्याच्यासुद्धा.”

“असं,” मास्तर म्हणाले. आपल्यावाचून सगळं इतकं सुरळीत चालावं, हे त्यांच्या मनाला जरा लागलंच.

“फक्त तुमच्या मशीनवर होत नाही. तिथे जुनीच बिल्डची फाइल आहे, ती ‘खरंच शेवटचं’ शोधत बसलीय. नवीन टाकू का?”

मास्तरांचा चेहरा खुलला.

“राहू दे. आठवडाभर शोधू दे तिला.”

“कुणाचा फोन?” बायकोने डोळे न उघडताच विचारलं.

“ऑफिसचा.”

“काय म्हणतात?”

“माझ्या मशीनवर चालत नाही,” मास्तर समाधानाने म्हणाले आणि फोन बंद करून तिच्या समुद्राकडच्या बाजूला आडवे झाले.