पंच क्रमांक एक

भिकननाना आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी खिशातून चिमटा काढला आणि माझ्या खांद्यावरचा एक केस उचलला. उजेडाकडे धरून पाहिला, कागदाच्या पुडीत बांधला, पुडीवर तारीख टाकली आणि मग खुर्चीत बसले. माझी बायको सुनंदा पोह्यांची बशी घेऊन उभी होती. तिच्याकडे पाहत ते मला म्हणाले, "घाबरू नका मास्तर, मांजराचा आहे." तोपर्यंत मी मुळीच घाबरलो नव्हतो. सुनंदाने मात्र ती पुडी मागून घेतली आणि दारात जाऊन स्वतः पुन्हा पाहिली.

नाना सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि बायको गेल्यावर धुळ्याचं घर सोडून जळगावला आमच्या शेजारी आले. चोरी असो की खून, तिथे सापडलेले केस, धागे, माती, रंगाचे टवके असं सगळं सीलबंद पाकिटातून त्यांच्या टेबलावर यायचं. ते कुठलं आणि कुणाचं, हे नाना भिंगातून बघून सांगायचे. उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर तिथल्याच एका लोखंडी दारात गेलं. "एवढा मोठा पुरावा पडला, पण पंचनामा झाला नाही," असं ते त्याच आखूड बोटाने चष्मा वर सरकवत सांगायचे.

बोलणं एरवी कचेरीतल्या मराठीत, पण रंगात आले की अहिराणीत घसरायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "जो येस, तो काहीतरी सोडी जास. जो जास, तो काहीतरी लई जास." एकदा मी शहाणपणा करून म्हणालो, की मग सदऱ्यावर केळीच्या चिकाचा डाग दिसला की धरा माणसाला. नानांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. त्या हिशेबाने अर्धा जिल्हा आत टाकावा लागेल, म्हणाले. डाग सगळ्यांनाच असतात, त्या डागात अडकलेला धागा कुणाचा ते बघायचं असतं.

निवृत्तीनंतरही त्यांचा कारखाना चालूच होता. घरातल्या मसाल्याच्या डब्यांवर लेबलं, लेबलांवर लाखेची मोहोर. पायपुसणं हरवलं तरी पंचनामा. पंचनाम्याला दोन पंच लागतात आणि ते 'प्रतिष्ठित इसम' असावे लागतात. पंच क्रमांक दोन म्हणजे त्यांच्याकडे राहायला आलेली एरंडोलची त्यांची विधवा बहीण, अक्का. पंच क्रमांक एक मी. मी शाळेत मूल्यशिक्षणाचा तास घेतो, म्हणून नानांनी मला प्रतिष्ठित ठरवलं. आजवर मला तसं लेखी कुणीच दिलं नव्हतं, त्यामुळे मी फुगलो होतो. पायपुसणं कुत्र्याने नेलं होतं हे दोन्ही पंचांना आधीपासून माहीत होतं, तरी आम्ही सह्या केल्या.

आता माझ्या गुन्ह्याकडे वळतो.

मला रक्तदाबाचा त्रास आहे. डॉक्टरांनी मीठ तोडलं, लोणचं-पापड बंद केले आणि सुनंदाने त्यांचा शब्द डॉक्टरांपेक्षा कडक पाळला. अशात मे महिन्यात अक्कांनी शेजारच्या गच्चीवर बिबड्या घातल्या. ज्वारी तीन दिवस भिजवून, भरडून, तिचा लसूण-मिरची-तीळ घातलेला घाटा शिजवून, ओल्या हाताने कापडावर पापडासारख्या थापलेल्या. खानदेशात वाढलेल्या माणसाला अर्धवट वाळलेल्या बिबडीपुढे मूल्यशिक्षण आठवत नाही. आमच्या आणि त्यांच्या गच्चीत गुडघ्याएवढा कठडा आहे. दुपारी दोनला, जळगावात काळं कुत्रंही बाहेर दिसत नाही अशा वेळी, मी डोक्यावर हिरवा टॉवेल टाकून कठडा ओलांडला. चप्पल वाजेल म्हणून अनवाणी गेलो होतो. तापलेल्या स्लॅबवर माझं जे नृत्य झालं ते कुणी पाहिलं नाही, हे या वयात परमेश्वराचे उपकारच. तीन बिबड्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी चार.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी बोंब ठोकली आणि नानांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतरची त्यांची ही पहिली खरी केस होती. त्यांनी ताबडतोब पंचांना बोलावलं, म्हणजे मला.

भर उन्हात छत्रीखाली पंचनामा सुरू झाला. कठड्याच्या खरबरीत सिमेंटवर एक हिरवा धागा सापडला. तो पुडीत गेला. शेजारच्या बिबडीवर अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, ती बिबडी अख्खीच्या अख्खी मुद्देमालात जमा झाली. मला त्याही स्थितीत तिची हळहळ वाटली. मग नाना वळले, भिंगातून माझ्या तोंडाकडे पाहू लागले आणि चिमट्याने माझ्या मिशीतून एक तीळ काढला.

सकाळी तिळाची चटणी खाल्ली होती, असं मी सांगितलं. नानांनी ते शांतपणे लिहून घेतलं. 'पंच क्रमांक एक यांनी सकाळी तिळाची चटणी खाल्ल्याचे सांगितले.' आमच्या गच्चीवर सुनंदा कपडे वाळत घालत होती. आमच्या घरात सहा महिन्यांत तिळाची चटणी झाली नव्हती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझाच हिरवा टॉवेल दोरीवर झटकून टाकला.

मी खाली सही केली. स्वतःच्या चोरीच्या पंचनाम्यावर प्रतिष्ठित इसम म्हणून सही करणारा मूल्यशिक्षणाचा मास्तर सबंध जिल्ह्यात दुसरा नसावा.

नानांनी कुणाचं नाव घेतलं नाही. फाइलवर त्यांनी 'तपास चालू' असं लिहिलं आणि दर रविवारी सकाळी फाइलचा आढावा घ्यायचं ठरवलं. पंच म्हणून मला जावंच लागे. न जावं तर संशय यायचा. नाना आल्याचा चहा करत, फाइल उघडत, धागा पुन्हा भिंगाखाली धरत आणि पुढचे दोन तास धुळ्याच्या दिवसांबद्दल बोलत. कधी बायकोबद्दल बोलत. बोलता बोलता थांबत आणि मग, "तर, तपास चालू शे," म्हणून फाइल बांधत. सगळा पावसाळा आणि हिवाळा मी त्यांना कसा गुंगारा देतोय या कौतुकात होतो. शाळेत पोरं माझ्यासमोर कॉपी करतात आणि मला कळत नाही, ते उगीच नव्हे.

दिवाळीनंतर अक्का मुलाकडे सुरतेला गेल्या. गुडघे गेले होते, परत येण्याचं लक्षण नव्हतं. यंदा बिबड्या नाहीत, म्हणून मी मनातल्या मनात दुखवटा पाळला.

आणि एप्रिल संपता संपता शेजारच्या गच्चीवर कापड पसरलेलं दिसलं. बिबड्या होत्या. त्याही नेमक्या आमच्या कठड्याला लागून. अक्का आल्या असणार, असं मी धरून चाललो आणि दुपारी दोनला तोच हिरवा टॉवेल डोक्यावर टाकून कठडा ओलांडला. माणूस सुधारत नाही, हे मी वर्गात सांगत नाही एवढंच.

बिबडी हातात घेतली तर भाकरीसारखी जाड. एक घास घेतला आणि थबकलो. लसूण होता, मिरची होती, तीळ होते. मिठाचा कण नव्हता. दुसरी चाखली, तीही तशीच. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा पुरावा नीट पाहिला. थापताना उमटलेली बोटं प्रत्येक बिबडीवर स्पष्ट होती, आणि प्रत्येक ठशात अंगठ्याच्या शेजारचं बोट एका पेराने आखूड होतं.

पाय भाजत होते, तरी मी तिथेच उभा राहिलो. या माणसाला स्वतःला बिबडी चाववत नाही, त्याचे खालचे दात केव्हाच गेलेत. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटलं.

जिन्याने सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात उतरलो. नाना ओट्यापाशी पातेल्याची खरवड काढत होते. मनगटावर घाट्याचा चटका बसलेला, त्यावर हळद लावलेली. माझी चाहूल लागली तरी ते दचकले नाहीत. मागे न वळता त्यांनी विचारलं, "कशा झाल्या?"

वर्षभर मी ज्या प्रश्नातून निसटत होतो तो हा. मी म्हणालो, "मीठ नाही, नाना."

"डॉक्टरनी बंद करेल शे ना तुम्हले," ते म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून माहीत होतं. मिशीतल्या तिळापासून, म्हणाले. मग तेव्हाच का नाही सांगितलं? नानांनी पातेलं खाली ठेवलं, हात पुसले. "सांगितलं असतं तर रविवारी कोण आलं असतं, मास्तर?"

त्यांनी कपाटातून फाइल काढली, टेबलावर ठेवली आणि तिची नाडी नुसतीच चाचपत बसले. गुन्हा कबूल झाला म्हणजे फाइल बंद करावी लागते, असं हळूच म्हणाले. मीठ नाही हे सांगून मी आमच्या सगळ्या रविवारांवर पाणी ओतलं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"पण नाना," मी म्हणालो, "कबुलीजबाबाला दोन पंच लागतील ना? आणि पंच क्रमांक एक तर आरोपीच निघाला."

नानांनी चष्मा वर सरकवला.

"दुसऱ्या पंच सुरतेला," मी पुढे म्हणालो. "त्या येईपर्यंत कसं काय बंद करता?"

नानांनी फाइलची नाडी घट्ट आवळली आणि आल्याचा तुकडा ठेचायला घेतला. "खरं शे," म्हणाले. "कायदा म्हणजे कायदा."

चहा पिऊन मी घरी आलो. सुनंदाने टॉवेल कुठे म्हणून विचारलं.

"नानांकडे," मी म्हणालो. "पुराव्यात जमा आहे. रविवारी जाऊन बघतो."