मागच्या दाराचं कुटुंब

शिंप्याने बायकोला न विचारता मागची खोली भाड्याने देऊन टाकली, तिथूनच सगळं बिनसलं.

गाव वाढत होतं. फाट्यावर कारखाना आला, पाठोपाठ बँक आली, आणि ज्याच्याकडे म्हणून चार भिंती जास्त होत्या तो घरमालक झाला. गोठ्यांना फरशी बसली, पडव्यांना दारं लागली. मग आपणच का मागे राहायचं? शिंप्याने बँकेतल्या नव्या कॅशियरला चारचौघांत शब्द दिला, "रविवारी सामान घेऊनच या."

"आणि मी दुपारी कुठे पाठ टेकू?" बायकोने विचारलं.

"अगं, मुली सासरी गेल्यापासून रिकामीच तर आहे खोली. पाठ काय, इथेही टेकता येते."

इथे म्हणजे शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा यांच्या मधोमध. तिने स्टोव्ह उचलला, चार पातेली उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन मधल्या दाराला आतून कडी घातली. येणंजाणं मागच्या दाराने. 'संध्याकाळी भूक लागली की येईल,' शिंपी मनात म्हणाला. संध्याकाळी भूक लागली, पण त्याला.

अशातच जनगणनेसाठी घरोघर फिरत शाळेतल्या बाई दारात उभ्या राहिल्या.

"घरात कुटुंबं किती?"

"एक," शिंपी म्हणाला.

"दोन!" मधल्या दारामागून आवाज आला.

बाई गोंधळल्या. "स्वयंपाक एकत्र होतो ना?"

शिंप्याच्या हातात चुलीवर करपलेल्या भाताचं पातेलं होतं. खोटं बोलायची सोयच नव्हती.

"नाही होत."

"मग दोनच. नियम आहे तसा." बाई वळसा घालून मागे गेल्या. "तुमच्या कुटुंबाचं प्रमुख कोण?"

एवढ्या संसारात हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "मीच की," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने जरा दचकली. इकडे शिंप्याने दाराला लावलेला कान हळूच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी रंगारी आला आणि मागच्या दारावर जनगणनेचा नवा घरनंबर रंगवून गेला. झालं! शिंप्याचं घर फुटल्याची बातमी गावभर झाली. मेव्हणा समजूत घालायला धावत आला. मागच्या दाराने आत गेला, बऱ्याच वेळाने ढेकर देत बाहेर पडला आणि म्हणाला, "दाजी, बहिणीचं काही चुकत नाहीये."

रविवारी कॅशियरचा टेम्पो आला तो थेट मागच्या दाराशी.

"ही खोली मला मिळणार होती," कॅशियर म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"पुढच्या घरातल्यांनी."

"मग पुढच्यांनी पुढची द्यावी."

टेम्पो वळून पुढे आला. ज्यांच्यासमोर शब्द दिला होता ते चौघंही मजा बघायला हजर. आता माघार घ्यायची तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. "घ्या, पुढची घ्या," शिंपी म्हणाला. कॅशियरचा पलंग आत गेला, कपाट आत गेलं, आणि मशीन बाहेर आलं.

ते ओढत शिंपी मागच्या दाराशी पोचला आणि अडला. स्वतःच्या घराचं दार कसं वाजवायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी वाजवलं.

"कोण?"

काय सांगावं? "मी... खोली मिळेल का?"

दार अर्धवट उघडलं. "माणसं किती?"

"एकटाच आहे."

"आणि मशीन?"

"दुपारचं नाही चालवणार."

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं आणि बाजूला झाली.

जेवून शिंपी तिथेच आडवा झाला. खिडकीतून सरळ अंगावर वारा येत होता. आपणच बांधलेल्या या खोलीत तो पहिल्यांदाच दुपारी पडला होता.

"इथे वारा चांगला येतो गं."

"अहो, हळू बोला," ती म्हणाली. "कॅशियर ऐकेल."