परबकाकांची काजूची बिस्किटं

आमच्या शेजारच्या परबकाकांना कुणी "छान" म्हटलेलं चालत नाही. दिवाळीच्या आधी ते बशीत दोन काजूची बिस्किटं घेऊन तुमच्या दारात उभे राहतात. तुम्ही खाईपर्यंत हलत नाहीत. आणि खाऊन झाल्यावर तुम्ही "छान झालंय हो" म्हणालात, की त्यांचा चेहरा पडतो.

"छान ही काय चव आहे?" ते विचारतात. "आधी काय लागलं? मग काय लागलं? गिळल्यावर तोंडात काय राहिलं? ते सांगा."

घणसोलीच्या आमच्या सोसायटीत या प्रश्नांची दहशत आहे. सेक्रेटरी शिंदे एकदा "अप्रतिम" म्हणून मोकळे झाले होते. काकांनी त्यांना दुसऱ्या दिवशी भरलेल्या लिफ्टमध्ये गाठलं आणि विचारलं, "अप्रतिम म्हणजे गोड का खारट?" शिंदे दोन मजले आधीच उतरले. तेव्हापासून दिवाळी जवळ आली की त्यांना मधुमेह होतो, आणि तुळशीचं लग्न लागलं की बरा होतो.

काका रबाळ्याला एका रंगाच्या कंपनीत क्वालिटीला होते. ज्या माणसाने जन्मभर डबे उघडून रंग पास-नापास केले, तो रिटायर झाल्यावर बिस्किटांच्या मागे लागणारच, अशी आम्ही सगळ्यांनी आमची समजूत करून घेतली होती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकट्या माणसाला काहीतरी नाद हवाच.

कृती त्यांच्या आईची. गाव वेंगुर्ल्याकडचं, काजू परसातले. ओव्हन कुठला तिथे? टोपात वाळू तापवायची, आत ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. फराळातलं बाकी सगळं शेजारीपाजारी सारखंच असायचं, ही बिस्किटं मात्र फक्त परबांकडे. काकांनी निखाऱ्यांच्या जागी ओव्हन आणला, पण बाकी काही बदललं नाही. काजू भाजून खलबत्त्यात कुटायचे. मिक्सर बंद. "मिक्सरात काजू तेल सोडतो आणि रुसतो," असं त्यांचं म्हणणं. खालच्या मजल्यावरच्या बाई दरवर्षी वर येऊन सांगतात की आमच्या पंख्यावरची धूळ पडते. काका त्यांना बसवून बिस्किट देतात आणि प्रश्न सुरू करतात. बाई लगेच जातात.

तूप फेसताना तर ते बोलतही नाहीत. एकदा मी दारातून विचारलं, "काका, पाणी आलं का?" त्यांनी एक बोट वर केलं. मी उभी राहिले. तूप पांढरंशुभ्र होईपर्यंत त्यांचा हात फिरत राहिला. मग हात पुसून शांतपणे म्हणाले, "आलं होतं. आता गेलं."

मी त्यांच्या प्रश्नांपासून कधी पळाले नाही. आम्ही इथे राहायला आलो त्या पहिल्याच दिवाळीत मी बिस्किट चावून, जरा विचार करून म्हटलं, "आधी तूप. मग काजू, पण तो जरा उशिरा येतो. आणि जायफळ जिभेवर नाही, नाकात लागतं." काका डोळे मिटून ऐकत होते. "नाकात," ते हळूच म्हणाले. "बरोबर. नाकातच." तेव्हापासून मी त्यांची कायमची गिऱ्हाईक झाले. ऑफिसातून येऊन पर्स ठेवते न ठेवते तोच बेल वाजायची.

आमच्याकडे थंडी पडायला लागली की संध्याकाळी कंपन्यांच्या बाजूने एक घाणेरडा वास येतो. सगळी बिल्डिंग खिडक्या लावून घेते. काकांच्या खिडक्या मात्र सताड उघड्या. विचारलं तर म्हणायचे, "माझं काय, कंपनीत आयुष्य गेलं." आम्हाला ते पटायचं.

गेल्या दिवाळीच्या आधीचा रविवार. मी माळा आवरत होते. पॅसेजमधून करपल्याचा वास आला. आधी वाटलं माझंच दूध. मग दार उघडलं, तर वास काकांच्या दाराखालून येत होता. मी बेल दाबून धरली. काकांनी हातात पेपर घेऊन निवांतपणे दार उघडलं.

"ये, ये. दुसरा ट्रे आत आहे."

"काका, करपतंय."

"छे. वेळ व्हायचीय अजून."

मी आत जाऊन ओव्हन उघडला. बिस्किटं कोळशासारखी झाली होती. ओव्हनचं बटण बिघडलं होतं, आच कमी होतच नव्हती. ओव्हनसमोरच त्यांची खुर्ची होती, खुर्चीवर चष्म्याचं घर. एवढा वेळ ते तिथेच बसून वाचत होते.

मी खिडकीशी पंखा लावला. काका ट्रेकडे बघत उभे होते.

"तुम्हाला वास नाही आला?" मी विचारलं.

त्यांनी ट्रे सिंकमध्ये ठेवला, नळ सोडला, बंद केला. मग खुर्चीत बसले.

"कोरोनात ताप आला होता मला. ताप गेला, वास काय परत आला नाही. चवही त्याच्याबरोबर गेली. डॉक्टर म्हणाले, येईल. मी डॉक्टर बदलले, ते पण म्हणाले येईल. गोड थोडं कळतं, मीठ कळतं. बाकी सगळं पुठ्ठा."

"मग बिस्किटं कशी करता?"

"हाताला सवय आहे. पण बरोबर झाली का नाही, ते मला कसं कळणार? म्हणून विचारत फिरतो. लोक छान म्हणतात. त्या छानातून माझ्या हाताला काय लागणार?"

मी करपलेला ट्रे घासायला घेतला. तेच पुढे म्हणाले, "बायला यातलं काही कळता कामा नये."

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, डोंबिवलीला असते. काकू गेल्यापासून ती त्यांना आपल्याकडे बोलावत होती. "तिला कळलं तर एक दिवस इथे राहू देणार नाही. गॅस सुटला तर काय करशील, म्हणेल. आणि आईच्या हातची चव माहीत असलेलं आता तिच्याशिवाय कुणी नाही. तिला तरी ती नीट मिळाली पाहिजे."

त्या दुपारी बिस्किटं माझ्या ओव्हनमध्ये झाली. काका समोर स्टुलावर बसले आणि मी त्यांच्या शेजारी.

"आता काय वास येतो?"

"पिठाचा. कच्चा."

"आता?"

"तूप सुटलंय. काजू नाही अजून."

"थांब मग."

ते एवढे गंभीर होते, की मलाही हसू आलं नाही. काजूचा खमंग वास आला तसा मी "आता" म्हटलं आणि त्यांनी दार उघडलं.

भाऊबीजेला खरं तर भावाने बहिणीकडे जायचं. पण बायआत्यांची रीत उलटी. "त्याच्या घरात सणाला माणूस यायला हवं," असं म्हणून त्याच येतात. काकांनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "तू बस तिथे. बाय मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलेल. तू तिचं तोंड बघ आणि मला नंतर खरं काय ते सांग."

आत्या लहानखुऱ्या, काटक, बोलायला ठणठणीत. ओवाळून झालं. त्यांनी एक बिस्किट खाल्लं, लगेच दुसरं उचललं. काका चहा टाकायला आत गेले.

"तुला सांगितलंन ना त्याने?" आत्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"मी खात होते तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस, म्हणून म्हटलं. मला त्याच्या तापानंतरच्या पहिल्याच दिवाळीत कळलं. तूप खवट, आणि जायफळाच्या जागी मिरपूड. डबाभर पाठवली होतीन. मी सगळी खाल्ली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्याने बिस्किटं करायची सोडली असती. एरवी आमचा फोन म्हणजे जेवलास काय, झोपलास काय. बिस्किटं आली की हा तासभर माझं ऐकतो. लहानपणी याने माझं कधी ऐकलं नाही."

"पण आत्या, गॅस वगैरे…"

"रोज दोनदा फोन करून विचारते ना, गॅस बंद केलास का. त्याला वाटतं बाय म्हातारी झाली, विसरते. वाटू दे."

काका कप घेऊन बाहेर आले. आत्यांच्या खुर्चीजवळ खाली मांडी घालून बसले, जसं लहान भावाने बसावं.

"हां. सांग गो."

आत्यांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. त्या बिस्किटाबद्दल काही बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, "पडवीत नुसता धूर. आई सुपाने वारा घालत होती. तू खांबाला टेकून बसला होतास, चड्डीची नाडी सुटलेली."

"नाडी नव्हती सुटली."

"सुटली होती. मीच बांधली. आईने झाकण काढलं तसा काजूचा वास पार विहिरीपर्यंत गेला. कपडे धुणाऱ्या बायका तिथून विचारायला लागल्या, काय करतेस गो. आईने पहिलं बिस्किट मोडलं आणि अर्धं तुझ्या तोंडात घातलं. चटका बसला तुला. डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकला नाहीस."

काकांनी एक बिस्किट तोंडात घातलं आणि डोळे मिटले. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता.

"मग?"

"मग काय. गिळलंस."

"तसं नको. आधीपासून सांग."

आत्यांनी पाय वर घेतले, चहाचा कप बाजूला सरकवला आणि आई परसात काजू भाजायला बसली, तिथपासून पुन्हा सुरुवात केली.